सोरोरिटीच्या भरतीत नियम मोडला, तर शिक्षा कोणाला?

अमेरिकेतल्या विद्यापीठात सोरोरिटीच्या, म्हणजे मुलींच्या खासगी विद्यार्थी-संघटनेच्या, एखाद्या सभासद मुलीने नव्या सभासदांच्या भरतीच्या दिवसांत नियम मोडला, तर तक्रारीच्या कागदावर आरोपी म्हणून तिचे नाव नसते. तिथे असते तिच्या चॅप्टरचे, म्हणजे त्या विद्यापीठातल्या शाखेचे नाव. मध्यस्थीला चॅप्टर बसते, दंडही चॅप्टर भरते. त्या मुलीचे काय करायचे, हे चॅप्टर आपल्या घरात दार लावून ठरवते. बाहेरच्या माणसाला ही पळवाट वाटते, आणि कधीकधी ती असतेही. पण तिचे मूळ जुने आहे. ही सगळी व्यवस्था एकमेकींच्या प्रतिस्पर्धी संघटनांनी केलेल्या तहातून उभी राहिली. तह मोडला की जाब राज्याला विचारतात, शिपायाला नाही.

मुलींच्या या संघटनांची सुरुवात जॉर्जियातल्या मेकन इथे १८५१ आणि १८५२ साली स्थापन झालेल्या दोन साहित्य मंडळांपासून धरतात. पुढे त्यांचेच अल्फा डेल्टा पाय आणि फाय म्यू झाले. १८७० मध्ये इंडियानात कप्पा अल्फा थीटा आणि इलिनॉयमध्ये कप्पा कप्पा गॅमा निघाल्या. ‘सोरोरिटी’ हा शब्द सिरॅक्यूज विद्यापीठातल्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी गॅमा फाय बीटासाठी सुचवला. तोवर मुलींच्या संघटनाही स्वतःला फ्रॅटर्निटीच, म्हणजे बंधुसंघच, म्हणवत, आणि काहींच्या अधिकृत नावात तो शब्द आजही आहे.

कॉलेजात मुली मोजक्या आणि संघटना वाढत्या, त्यामुळे ओढाताण ठरलेलीच होती. नव्या मुलीला वर्ग सुरू होण्याआधीच गाठायचे, सहलीला न्यायचे, चहाला बोलवायचे आणि दुसरे कोणी विचारण्याआधी तिचा शब्द घ्यायचा. या झोंबाझोंबीलाच ‘रश’ नाव पडले. कॉलेजला जोडलेल्या पूर्वतयारीच्या शाळांतल्या मुलींनाही तेव्हा शब्दात बांधून ठेवत. दुसऱ्या संघटनेत दाखल झालेली मुलगी फोडून आणण्याला ‘लिफ्टिंग’ म्हणत. अशा गोष्टींचा जाब विचारणारे कोणी नव्हते, कारण प्रत्येक संघटना फक्त आपल्या राष्ट्रीय कार्यालयाला बांधील होती.

पहिला प्रयत्न कप्पा कप्पा गॅमाने केला. एप्रिल १८९१ मध्ये तिने सात संघटनांना बोस्टनला बोलावले. चर्चा झाली, ठराव झाले, पण ते अमलात आणणारी यंत्रणा उभी राहिली नाही. ती उभी राहिली २४ मे १९०२ रोजी शिकागोत भरलेल्या सात संघटनांच्या बैठकीतून. आजची नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स तिथूनच पुढे आली, आणि आज तिच्यात २६ संघटना आहेत. कॉलेजात रीतसर नाव दाखल होण्याआधी कोणत्याही मुलीला शब्दात बांधायचे नाही, हा तिथल्या सुरुवातीच्या करारांपैकी एक.

या कॉन्फरन्सला सार्वभौम सत्ता कधीच मिळाली नाही. तिचे मुख्य हत्यार म्हणजे सर्वसंमतीचे करार, म्हणजेच प्रत्येक सभासद संघटनेने मान्य केलेली बंधने. विद्यापीठाच्या पातळीवर सगळ्या चॅप्टरची मिळून एक कॉलेज पॅनहेलेनिक असते. तिथे तीनशे मुलींच्या चॅप्टरला जेवढे मत, तेवढेच तीस मुलींच्या चॅप्टरला. सभासद मुलगी या मंडळाची थेट सभासद नसते, तिचे चॅप्टर असते. शिक्षा चॅप्टरपाशी थांबते ती यामुळेच.

आपणच आपल्याला शिस्त लावायची, या आग्रहामागे एक भीतीही होती. नाहीतर कॉलेजच दार बंद करेल. ही भीती पोकळ नव्हती. स्वार्थमोरमध्ये १९३३ साली सोरोरिटी बंद झाल्या आणि स्टॅनफर्डमध्ये १९४४ साली.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस प्राधान्यक्रमाने बिड, म्हणजे सभासदत्वाचे औपचारिक निमंत्रण, वाटण्याची पद्धत आली. भरतीच्या भेटींच्या शेवटच्या फेरीनंतर मुलगी आपल्या पसंतीच्या संघटना क्रमाने लिहिते, चॅप्टर आपली यादी देते आणि मध्यवर्ती ठिकाणी दोन्ही जुळवतात. किती मुलींना बिड द्यायचे याचा कोटा सगळ्या चॅप्टरला सारखा. सुझन मोंजेल आणि ॲल्विन रॉथ या अर्थतज्ज्ञांनी १९९१ मध्ये या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. रॉथ यांना पुढे २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. कागदावर ही पद्धत सदोष होती; ती चालली, कारण बहुतेक मुली पसंतीची लांब यादी देण्याऐवजी एकच नाव लिहीत. पण एकच नाव लिहिण्यात जोखीम मोठी, कारण तिथून बिड आले नाही तर हातात काहीच उरत नाही. मग ‘आम्ही तुला घेणारच’ असा आतला निरोप मिळाला, तर त्याची किंमत केवढी वाढते ते पाहा. बिडचे आगाऊ आश्वासन हा भरतीतला सर्वांत गंभीर गुन्हा का मानला जातो, याचे उत्तर या गणितात आहे.

या जुळवणीतून एक विचित्र विषमताही आली. नवी मुलगी शेवटी ज्या करारावर सही करते, तो तिला वैयक्तिकरीत्या बांधतो. यादीत लिहिलेल्या संघटनेचे बिड मिळाले आणि तिने ते नाकारले, तर पुढच्या वर्षीच्या मुख्य भरतीपर्यंत त्या विद्यापीठात कॉन्फरन्सच्या दुसऱ्या कोणत्याही सोरोरिटीत तिला जाता येत नाही. म्हणजे संघटनांमधल्या नियमांत व्यक्तीवर थेट पडणारे मोठे बंधन आहे, ते अजून सभासदही न झालेल्या मुलीवर. तिला खोटे आश्वासन देणाऱ्या सभासदावर असे काहीच थेट येत नाही. आमच्या मते या व्यवस्थेतली ही सर्वांत मोठी खोट आहे.

आश्वासन क्वचितच ‘तुला बिड देतो’ अशा शब्दांत येते. ‘परवा भेटूच’, ‘आमच्या घरात तुझी खोली कोणती असेल ते बघून ठेव’ एवढे पुरते. दुसरा नेहमीचा भंग मौनकाळातला. शेवटची फेरी संपल्यापासून बिड वाटले जाईपर्यंत सभासदांनी इच्छुक मुलींशी बोलायचे नसते. मेसेज नाही आणि इन्स्टाग्रामवर लाइकसुद्धा नाही. खोलीसोबती किंवा सख्ख्या बहिणी असतील तर रोजचे व्यवहार चालतात, भरतीचा विषय मात्र वर्ज्य. एका इच्छुक मुलीभोवती अनेक सभासदांनी कोंडाळे करून दबाव आणणे, चिठ्ठी किंवा भेटवस्तू देणे, दारू, दुसऱ्या सोरोरिटीची निंदा, फेरी ठरलेल्या मिनिटांपेक्षा लांबवणे, हे बाकीचे. माजी सभासद आणि आयाही यात पकडल्या जातात, कारण त्यांचे वागणेही चॅप्टरच्याच खात्यावर लिहिले जाते.

तक्रारीची वाट ठरलेली आहे. ती लेखी, ठराविक नमुन्यात आणि घटनेपासून ३० दिवसांच्या आत द्यावी लागते. सही कोणाचीही चालत नाही: चॅप्टरची अध्यक्ष, पॅनहेलेनिकची पदाधिकारी, भरती समुपदेशक (इच्छुक मुलींना वाट दाखवणारी सभासद), विद्यापीठाचा सल्लागार किंवा खुद्द इच्छुक मुलगी यांचीच चालते. कोणता नियम, कुठे, केव्हा आणि कोणासमोर मोडला, हे नमूद करावे लागते. बऱ्याच तक्रारी इथेच कोसळतात. ‘त्या डर्टी रश (भरतीत लबाडी) करतात असे सगळे म्हणतात’ ही तक्रार होत नाही. तारखेसह स्क्रीनशॉट असेल तर होते. समुपदेशक मुली भरतीपुरत्या आपल्या चॅप्टरपासून अलिप्त राहतात. त्यांची साक्ष त्यामुळे वजनदार धरतात, आणि त्यांनीच आपल्या चॅप्टरकडे माहिती पोचवली तर प्रकरण जास्त चिघळते.

आरोपी चॅप्टरला लेखी सूचना गेली की पुढची पायरी मध्यस्थीची. तटस्थ मध्यस्थासमोर दोन्ही बाजू बसतात आणि तोडगा निघाला तर तो लिहून सह्या होतात. नाही निघाला तर न्यायमंडळापुढे सुनावणी. हे मंडळ विद्यार्थिनींचेच असते. प्रकरणाशी संबंध असलेल्या मुलीने बाजूला व्हायचे, आणि आतले बोलणे बाहेर न्यायचे नाही. निकाल मान्य नसेल तर कॉन्फरन्सच्या समितीकडे अपील करता येते.

मध्यस्थी आधी ठेवण्यात शहाणपण आहे. आज न्यायमंडळात बसलेलीचे चॅप्टर पुढच्या सत्रात आरोपी असू शकते, म्हणून एक तर सगळे सौम्य वागतात, नाहीतर सूड घेतात. भरती संपताच तीन चॅप्टरनी एकमेकींवर तक्रारी ठोकणे नवे नाही.

शिक्षेलाही कुंपण आहे. कोटा कमी करणे किंवा मिळालेल्या नव्या मुली काढून घेणे चालत नाही. ही मर्यादा नसती तर तक्रार हे प्रतिस्पर्धी चॅप्टर बुडवण्याचे हत्यार झाले असते. रोख दंड मोजता येणाऱ्या भंगालाच शोभतो, जसे फेरी किती मिनिटे लांबली किंवा यादी किती उशिरा आली. आश्वासनासारख्या गुन्ह्यासाठी प्रशिक्षण, सामाजिक कार्यक्रमांवर बंदी, भरतीवर देखरेख असे उपाय असतात. श्रीमंत चॅप्टरला दंड म्हणजे खर्चाची आणखी एक बाब, एवढेच.

मग त्या मुलीचे काय? तिचे प्रकरण चॅप्टरच्या स्टँडर्ड्स बोर्डाकडे जाते. काही संघटनांत त्याला ऑनर काउन्सिल म्हणतात. समज, दंड, कार्यक्रमांतून वगळणे, पद काढणे, निलंबन, आणि शेवटी राष्ट्रीय कार्यालयाच्या संमतीने सभासदत्व रद्द, अशी चढती पायरी. इथे चूक कुठे होते? मुलगी पदाधिकारी असेल किंवा तिने आणलेल्या मुली चॅप्टरला हव्या असतील, तर समज देऊन विषय मिटतो. उलटही होते. चॅप्टरने आखलेल्या डावाचे खापर एकटीवर फुटते.

राष्ट्रीय कार्यालयाचा हात किती लांब असतो ते इंडियानातल्या डीपॉ विद्यापीठात दिसले. डेल्टा झीटाने डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या ३५ पैकी २३ सभासदांना, भरतीबाबत बांधिलकी नसल्याचे सांगून, चॅप्टर सोडायला लावले. दिसण्यावरून निवड केल्याचा आरोप झाला आणि संघटनेने तो नाकारला. मार्च २००७ मध्ये विद्यापीठाने डेल्टा झीटाशी संबंध तोडले. त्या मुलींनी भरतीचा एकही नियम मोडलेला नव्हता.

सप्टेंबर २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या ‘द क्रिम्सन व्हाइट’ या विद्यार्थी वृत्तपत्राने दाखवून दिले की माजी सभासदांच्या हस्तक्षेपामुळे कृष्णवर्णीय मुलींना डावलले जात होते. पॅनहेलेनिकच्या न्यायमंडळाकडे यावर इलाज नव्हता, कारण कोणाला घ्यायचे हा प्रत्येक संघटनेचा खासगी हक्क मानला जातो. अखेर विद्यापीठाच्या अध्यक्षा ज्युडी बॉनर यांनी बिड देण्याची मुदत वाढवायला लावली. फेरी दोन मिनिटे लांबली तर दंड, आणि वर्णावरून नकार मात्र नियमपुस्तकाच्या बाहेर!

हे सगळे कॉन्फरन्सच्या २६ संघटनांपुरते. अल्फा कप्पा अल्फा (१९०८), डेल्टा सिग्मा थीटा (१९१३) यांसारख्या कृष्णवर्णीय सोरोरिटींची परिषद वेगळी आहे. तिथे रश नसते आणि कोटाही नसतो. १९९० मध्ये त्या परिषदेच्या संघटनांनी जुनी प्लेज पद्धत, म्हणजे सभासदत्वाआधीचा उमेदवारीचा काळ, बंद केली. त्यामुळे तिथली कडक कारवाई प्रामुख्याने छुप्या प्लेजिंगवर आणि छळावर होते.

अमेरिकेतल्या मराठी घरांतल्या मुलींचा संबंध येतो तो बऱ्याचदा तिसऱ्याच गटाशी. १९९८ मध्ये ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा आणि ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा या दक्षिण आशियाई सोरोरिटी निघाल्या. त्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्समध्ये नाहीत. त्यामुळे ३० दिवसांची मुदत, वर्षभराचे बंधन किंवा मौनकाळ तिथे आपोआप लागू होत नाही. तक्रार करायची तर आधी ती संघटना विद्यापीठातल्या कोणत्या परिषदेखाली नोंदलेली आहे ते पाहायचे, मग त्या परिषदेची नियमावली मागायची आणि तिच्यातली मुदत मोजायची.