आर्ट सायकोथेरपीचे पदव्युत्तर शिक्षण: कोकणातून अर्ज करताना पात्रता, कागदपत्रे आणि वेळेचा हिशेब

आर्ट सायकोथेरपी म्हणजे चित्र, मातीकाम अशा कलानिर्मितीच्या आधाराने केला जाणारा मानसोपचार. तिच्या कोर्सची जाहिरात वाचण्याआधी एक गोष्ट तपासावी: तो पूर्ण केल्यावर आपले नाव कोणत्या रजिस्टरला लागते. ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' आणि 'आर्ट सायकोथेरपिस्ट' ही दोन्ही पदनामे कायद्याने राखीव आहेत. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या (एचसीपीसी) रजिस्टरवर नाव नसताना ती लावणे हा गुन्हा ठरतो. नाव लागण्यासाठी एचसीपीसीने मान्य केलेली मास्टर्स पदवी लागते. गोल्डस्मिथ्स, हर्टफर्डशर, रोहॅम्प्टन, डर्बी, एडिंबराचे क्वीन मार्गारेट अशा विद्यापीठांत हे शिक्षण चालत आले आहे. तरी मान्य अभ्यासक्रमांची यादी एचसीपीसीच्या वेबसाइटवर ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीच पाहा. कोर्स बंद होतात, नावे बदलतात. त्याच विद्यापीठांत 'फाउंडेशन इन आर्ट थेरपी' नावाचे छोटे कोर्सही असतात. ते चांगले असतात, पण त्यांनी रजिस्टरला नाव लागत नाही. एजंट नेमका हाच कोर्स पुढे करतो, कारण त्यात प्रवेश सोपा.

भारतात चित्र वेगळे आहे. पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआय क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करते, आर्ट थेरपिस्टची नाही. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात आर्ट आणि डान्स थेरपिस्टचा उल्लेख परिशिष्टात आहे, एवढेच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या भरतीत मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर अशी पदे निघतात. त्यामुळे रत्नागिरी किंवा ओरोसला सरकारी नोकरी हेच ध्येय असेल, तर परदेशी आर्ट सायकोथेरपीवर पैसे घालू नयेत. आरसीआयमान्य क्लिनिकल सायकॉलॉजीचा रस्ता धरावा. पुढची माहिती ज्यांना खरोखर आर्ट थेरपीचेच काम करायचे आहे त्यांच्यासाठी.

पात्रता

साधारण तीन गोष्टी मागतात: पदवी, स्वतःची चालू असलेली कलानिर्मिती आणि माणसांबरोबर काम केल्याचा अनुभव. पदवी बीएफए असावी असा आग्रह नसतो. मानसशास्त्र, समाजकार्य, नर्सिंग, ऑक्युपेशनल थेरपी, बीएड यांतून आलेलेही घेतात. अट एकच, कलेचा सराव खरा आणि सलग असावा.

कोकणातल्या बऱ्याच जणांची अडचण इथे सुरू होते. जीडी आर्ट (गव्हर्नमेंट डिप्लोमा इन आर्ट) फाउंडेशन धरून पाच वर्षांचा असला तरी कागदावर तो डिप्लोमा आहे. तो पदवीच्या बरोबरीचा धरायचा की नाही हे विद्यापीठ ठरवते, आणि त्यासाठी यूके एनिक या परदेशी पदव्यांची बरोबरी ठरवणाऱ्या ब्रिटिश संस्थेचे समकक्षता पत्र मागू शकते. अर्जाची फी भरण्याआधी प्रवेश विभागाला ईमेल करून, गुणपत्रिका जोडून, लेखी उत्तर घ्या. नुसत्या एटीडीवर (आर्ट टीचर डिप्लोमावर) शाळेत चित्रकला शिकवणाऱ्यांनी मात्र भरवसा ठेवू नये. आधी बाहेरून बीए करून मग अर्ज करणे शहाणपणाचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची प्रमाणपत्रे जोडून काही साधत नाही.

इंग्रजीसाठी आयईएलटीएस साधारण ७ च्या आसपास मागतात. एचसीपीसीची स्वतःची पातळी एकूण ७ आणि कोणत्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही, अशी आहे. गाडी बहुधा लेखनात अडते. निकाल दोनच वर्षे चालतो, म्हणून कामाचा अनुभव पुरा व्हायच्या आधी परीक्षा देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

पोर्टफोलिओ

विद्यापीठ दहा-वीस कामांची पीडीएफ मागते, नेमका आकडा त्यांच्या पानावर असतो. इथे जेजेच्या प्रवेशासारखी तयारी करणारे फसतात. हुबेहूब पोर्ट्रेट, गुळगुळीत स्टिल लाइफ, बक्षीस मिळालेले निसर्गचित्र हे सगळे हात चांगला असल्याचे दाखवते. निवड करणाऱ्यांना बघायचे असते की हा माणूस चित्राकडे स्वतःसाठी जातो का, अडतो कुठे, अडल्यावर काय करतो. म्हणून स्केचबुकची पाने, अर्धवट सोडलेले काम, एकाच विषयाभोवती वर्षभर फिरलेली मालिका यांना जागा द्या. मातीकाम, शिवणकाम, कोलाज, फोटो सगळे चालते. कमिशनवर काढलेले गणपती आणि शाळेच्या भिंती रंगवल्याचे फोटो एकदोनच पुरेत.

प्रत्येक चित्राखाली वर्ष, माध्यम, सेंटिमीटरमधले माप आणि दोन ओळी. फोटो पावसाळ्याआधी काढून घ्या. जूननंतर किनाऱ्यावरच्या घरात कागदाला ओल धरते, पोस्टर कलरवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात आणि फोटोत ते चित्राचाच भाग वाटतात. चित्र भिंतीला सपाट लावून, उघड्या पडवीत सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढलेला मोबाइलचा फोटो पुरतो. काचेच्या फ्रेममधून काढू नका, काचेत फोटो काढणारा दिसतो.

एक गोष्ट अजिबात करू नये. मतिमंद मुलांच्या शाळेतल्या मुलांची किंवा रुग्णांची चित्रे स्वतःच्या पोर्टफोलिओत घालू नयेत, नाव झाकूनही नाही. उपचाराच्या जागी काढलेले चित्र हा त्या माणसाचा गोपनीय ऐवज असतो. ते अर्जात दिसले की अर्जदाराला या व्यवसायाची पहिली पायरीच कळलेली नाही असा अर्थ निघतो.

अनुभव आणि त्याचे पत्र

विशेष शाळा, वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती केंद्र, जिल्हा रुग्णालयाचे बालकांचे त्वरित निदान केंद्र, रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय अशा ठिकाणचे काम चालते, पगारी किंवा स्वयंसेवी. मात्र दिवाळीच्या सुट्टीत घेतलेले कंदील-रांगोळीचे शिबिर 'थेरपी' म्हणून लिहू नका. ते चित्रकलेचे शिबिर म्हणून लिहिले तरी किंमत कमी होत नाही.

पत्र संस्थेच्या लेटरहेडवर इंग्रजीत असावे. त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, कोणत्या लोकांबरोबर आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे चार तपशील हवेत. 'त्यांचे काम समाधानकारक होते, त्यांना शुभेच्छा' या छापाच्या पत्राला वजन नाही. शिफारसपत्रे दोन लागतात, एक शिक्षकाचे आणि एक कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांचे. विद्यापीठ ती थेट शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर मागवते आणि संस्थेचा पत्ता हवा असतो. आपल्याकडचे निम्मे प्राध्यापक खासगी जीमेल वापरतात. कॉलेजच्या ऑफिसातून सरांचा अधिकृत ईमेल आधी चालू करून घ्या, नाहीतर अर्ज 'अपूर्ण' म्हणून पडून राहतो.

कागदपत्रांवरचे नाव

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळे, लग्नानंतर आधारवर तिसरेच, असा घोळ घरोघरी असतो. पासपोर्टवरचे नाव प्रमाण धरा. फरक स्पेलिंगपुरता असेल तर प्रतिज्ञापत्र चालून जाते. आडनावच बदलले असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडा. ट्रान्सक्रिप्टसाठी मुंबई विद्यापीठाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. सर्व सत्रांच्या गुणपत्रिका जोडा, एटीकेटीच्याही. त्या लपवल्या की शंका निघते आणि पंधरवडा जातो. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ठेवा, पुढे व्हिसाला लागेल.

प्लेसमेंटआधी, म्हणजे रुग्णालय-शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाआधी, डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंदींची ब्रिटिश चौकशी) होते आणि परदेशी विद्यार्थ्यांकडून त्यासाठी आपल्या देशाचे पोलीस क्लिअरन्स मागतात. ते पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मिळते. पासपोर्टवर नालासोपाऱ्याचा पत्ता आणि राहणे देवगडला असेल, तर पडताळणी दोन पोलीस ठाण्यांत फिरते. आधी पत्ता एक करून घ्या. रुग्णालयातल्या प्लेसमेंटसाठी हिपॅटायटिस बी, गोवर-रुबेलाच्या लसींच्या नोंदीही मागतात. लहानपणीचे लसीकरण कार्ड हरवले असेल तर रक्ततपासणी करून घ्यावी लागते.

फुलटाइम की पार्टटाइम

ब्रिटिश विद्यार्थी हा कोर्स फुलटाइम दोन वर्षांत किंवा पार्टटाइम तीन वर्षांत करतात. भारतीय अर्जदाराने पार्टटाइमचा विचार सोडून द्यावा. पार्टटाइम विद्यार्थ्याला स्टुडंट व्हिसावर कामाची परवानगी नसते, वर्क प्लेसमेंटचीही नाही, आणि प्लेसमेंटशिवाय ही पदवीच होत नाही. फुलटाइमला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. प्लेसमेंटचे तास त्यात धरत नाहीत. पण वर्ग, प्लेसमेंट, सुपरव्हिजन आणि स्वतःची थेरपी यांतून २० तास उरतील असे गृहीत धरून बजेट मांडू नका. जानेवारी २०२४ पासून अशा मास्टर्सवर नवरा-बायको-मुलांना सोबत नेता येत नाही.

स्वतःची थेरपी हा फीच्या तक्त्यात न दिसणारा खर्च आहे. शिकत असताना विद्यार्थ्याने स्वतः थेरपी घेणे बंधनकारक असते, आणि पैसे बहुधा त्यालाच भरावे लागतात. सेशनला ५० पौंड आणि वर्षाला ४० आठवडे धरले तर २,००० पौंड होतात, दोन वर्षांचे ४,०००. बँकेला द्यायच्या खर्चाच्या अंदाजात ही रक्कम लिहा. शिवाय व्हिसाच्या वेळी आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंडांच्या दराने एकरकमी भरायचा असतो.

पैशांचा पुरावा

सर्वात जास्त अर्ज इथे अडकतात. विद्यापीठाकडून सीएएस म्हणजे प्रवेशनिश्चितीचे पत्र मिळाल्यावर व्हिसाचा अर्ज करताना पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दिसला पाहिजे. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज नाकारतात. २८ वा दिवस आणि व्हिसा अर्ज यांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही.

बागायतदार कुटुंबात वाशीच्या बाजारातल्या आंब्याच्या पट्टीचे (विक्रीच्या हिशेबाचे) पैसे एप्रिल-मेमध्ये तुकड्यातुकड्याने येतात आणि जूनमध्ये खत, मजुरी, देणी यांत निघूनही जातात. सप्टेंबरचा कोर्स असेल तर जूनच्या सुरुवातीला एक खाते या कामासाठी बाजूला काढून त्याला हात लावू नये. खाते स्वतःचे किंवा आईवडिलांचे हवे. काकांचे, मामांचे, मुंबईच्या आत्याचे चालत नाही. आईवडिलांचे असेल तर जन्मदाखला आणि त्यांचे संमतीपत्र लागते. गावच्या पतसंस्थेतली ठेव वेळ असतानाच बँकेत वळवा.

शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांची अट लागत नाही, मंजुरीपत्र सहा महिन्यांच्या आतले पुरते. पण मोठ्या कर्जाला तारण लागते आणि आंब्याची बाग तारण म्हणून घ्यायला बँका सहसा तयार नसतात. त्यात सातबारा सामाईक, त्यावर चुलत्यांची, आत्यांची, वारसनोंद न झालेल्या आजोबांची नावे. वाटप एका उन्हाळ्यात होत नाही. त्यामुळे फ्लॅट, बिनशेती प्लॉट किंवा मुदतठेव यांचाच विचार करावा. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्यांना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, आणि या विषयाची अनेक विद्यापीठे त्या अटीत बसत नाहीत. आधी क्रमवारी बघा, मग उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या फेऱ्या मारा.

व्हिसासाठीची क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते, त्यासाठी मुंबई गाठा. प्रमाणपत्र सहा महिने चालते. एक्स-रेत जुना डाग दिसला तर थुंकीचे कल्चर लावतात आणि त्याच्या निकालाला दोन महिने जाऊ शकतात. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर मे महिन्यातच तपासणी उरकून घ्या.

कोर्स संपल्यावर

पदवी मिळाली की नाव आपोआप लागत नाही. विद्यापीठ उत्तीर्णांची यादी एचसीपीसीला कळवते, पण अर्ज आणि फी विद्यार्थ्याने स्वतः भरायची असते. नोंदणीचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. भारतात परतून काम करणार असाल तरी पहिली नोंदणी करून ठेवा. बऱ्याच वर्षांनी मागायची झाली तर ज्ञान-कौशल्य ताजे केल्याचे पुरावे गोळा करत बसावे लागते. परतल्यावर बोर्डावर 'आर्ट सायकोथेरपिस्ट' लिहिता येईल. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' मात्र आरसीआयचा क्रमांक असल्याशिवाय लिहू नये.