लिनक्सवर व्हिडिओ प्लेअर कसा पारखावा

लिनक्सच्या सॉफ्टवेअर केंद्रात ‘व्हिडिओ’ असे शोधले की डझनभर प्लेअर समोर येतात. दिसायला वेगळे असले तरी त्यांतले बरेचसे आतून एकच आहेत. हारुना आणि सेल्युलॉइड ही एमपीव्ही या प्लेअरवर चढवलेली आवरणे. एसएमप्लेअरही सहसा त्याच्याच जोरावर चालतो. व्हीएलसीचे इंजिन स्वतंत्र आहे. ग्नोम डेस्कटॉपसोबत वर्षानुवर्षे येत राहिलेला टोटेम जीस्ट्रीमरवर उभा आहे. म्हणजे निवड खरे तर तीन इंजिनांत करायची असते. त्यांच्याही तळाशी फाइल उलगडण्याचे, म्हणजे दाबून साठवलेल्या व्हिडिओतून पुन्हा चित्र तयार करण्याचे, बरेचसे काम एफएफएमपेग करते. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आहे.

म्हणून ‘अमक्या प्लेअरमध्ये चित्र जास्त स्पष्ट दिसते’ हे ऐकले की थोडे सावध व्हावे. एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीतली फाइल प्रमाण पाळणाऱ्या कोणत्याही डिकोडरमधून, म्हणजे उलगडणाऱ्या प्रोग्रॅममधून, बिट न् बिट सारखीच उलगडली पाहिजे, अशी त्या मानकाचीच अट आहे. फरक पडतो तो पुढच्या टप्प्यांवर: चित्र पडद्याच्या मापाला कसे ताणले, रंग कसे बदलले आणि प्रत्येक फ्रेम नेमकी कधी दाखवली. आणि व्हिडिओ किती सुरळीत चालतो यात सगळ्यात मोठा फरक पडतो उलगडण्याचे काम प्रोसेसरने केले की ग्राफिक्स चिपने, यामुळे.

हे काम किती मोठे आहे ते आकड्यांत पाहू. फोर-के फ्रेममध्ये ३८४० × २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० चित्रबिंदू असतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला ४९ कोटी ७६ लाख बिंदू तयार व्हावे लागतात. व्हिडिओ १० बिटी, म्हणजे नेहमीच्या ८ बिटीपेक्षा जास्त रंगछटांचा, असेल तर मेमरीत प्रत्येक बिंदूला साधारण ३ बाइट लागतात. म्हणजे एक फ्रेम २५ मेगाबाइटची आणि सेकंदाचा ओघ जवळजवळ दीड गिगाबाइटचा. जुना लॅपटॉप अशा फाइलपुढे धापा टाकतो, पंखा घोंघावू लागतो आणि दोष मात्र प्लेअरला दिला जातो.

ग्राफिक्स चिपमध्ये याच कामासाठी वेगळा विभाग असतो, पण त्याला ठराविक कोडेकच, म्हणजे व्हिडिओ दाबण्याच्या ठराविक पद्धतीच, समजतात. इथे फाइलच्या नावाचा शेवट फसवा असतो. एमकेव्ही किंवा एमपी४ हे फक्त वेष्टन, आत एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९ किंवा एव्ही१ यांपैकी काय आहे ते महत्त्वाचे. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांपासून ८ बिटी एचईव्हीसी, सातव्यापासून १० बिटी एचईव्हीसी आणि अकराव्यापासून एव्ही१ हार्डवेअरमध्ये उलगडते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेपासून एव्ही१ ची सोय आहे. १० बिटी एच.२६४ हा मात्र नाठाळ प्रकार. बहुसंख्य ग्राफिक्स चिपना तो उमजतच नाही, त्यामुळे बाकी सगळे सुरळीत चालणाऱ्या यंत्रावरही अशा फाइलचा भार प्रोसेसरवरच पडतो.

प्लेअर निवडण्याआधी टर्मिनलमध्ये व्हीएइन्फो (vainfo) हा छोटा प्रोग्रॅम चालवा. इंटेल आणि एएमडीच्या चिप व्हीएएपीआय या दुव्यातून काम करतात आणि त्यातून काय काय होऊ शकते याची यादी हा प्रोग्रॅम दाखवतो. ज्या ओळीच्या शेवटी व्हीएलडी असेल तो कोडेक उलगडता येतो. एन्कस्लाइस असेल तर ती सोय व्हिडिओ तयार करण्याची आहे, पाहण्याशी तिचा संबंध नाही. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर ही यादी सहसा येत नाही, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. तिथला दुवा एनव्हीडेक हा वेगळा आहे आणि एमपीव्हीला तो वापरता येतो.

यादीत एच.२६४ सुद्धा नसेल तर वितरणाकडे, म्हणजे फेडोरा, ओपनसूसे यांसारख्या तुमच्या लिनक्सच्या प्रकाराकडे, पाहा. पेटंटच्या कटकटीमुळे फेडोराने २०२२ मध्ये आपल्या मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या पॅकेजमधून एच.२६४ आणि एचईव्हीसीची हार्डवेअर सोय काढली. त्याचा फटका मुख्यतः एएमडी कार्डांना बसतो. उपाय म्हणजे आरपीएम फ्यूजन हा पॅकेजसाठा जोडून त्यातले ‘फ्रीवर्ल्ड’ नावाचे मेसा पॅकेज बसवणे. ओपनसूसेवर हेच काम पॅकमन या साठ्यातून होते. हे न करता कितीही प्लेअर बदलले तरी पंखा फिरतच राहील.

एमपीव्हीबाबत एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: त्यात हार्डवेअर डिकोडिंग मुळात बंद असते. प्रोसेसरने उलगडलेले चित्र अधिक भरवशाचे, या विचाराने विकासकांनी ते तसे ठेवले आहे. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि एच दाबले की ते चालू-बंद होते. कायमचे हवे असेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये एचडब्ल्यूडेक हा पर्याय ऑटो-सेफ (hwdec=auto-safe) करावा. मग शिफ्ट आणि आय दाबा. पडद्यावर तपशील येतो आणि तो तिथेच राहतो. त्यात वापरात असलेल्या हार्डवेअर दुव्याचे नाव दिसते. नावाच्या शेवटी ‘कॉपी’ असेल तर उलगडलेली प्रत्येक फ्रेम मुख्य मेमरीत परत आणली जात आहे, म्हणजे वर मोजलेला दीड गिगाबाइटचा ओघ दर सेकंदाला विनाकारण मागे-पुढे होतो आहे.

त्याच तपशिलात गळालेल्या फ्रेमचे दोन वेगळे आकडे असतात. डिकोडरचा आकडा वाढत असेल तर उलगडणे मागे पडते आहे. आउटपुटचा वाढत असेल तर उलगडणे वेळेवर होते आहे, अडचण चित्र रेखाटण्यात किंवा पडद्याशी वेळ जुळवण्यात आहे. इतका नेमका निदानाचा पडदा फुकट मिळतो, हे एकच कारण मला एमपीव्ही बसवायला पुरेसे वाटते, मग रोजचा प्लेअर दुसरा का असेना. व्हीएलसीमध्ये कंट्रोल आणि आय दाबले की कोडेक आणि हरवलेल्या फ्रेम दिसतात, पण इतकी फोड मिळत नाही.

एकही फ्रेम गळत नाही, तरी कॅमेरा आडवा फिरताना चित्र हिसके देते? मग गणित वेळेचे आहे. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फेऱ्यांत चित्र ताजे करणाऱ्या, पडद्यावर दाखवताना प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला अडीच फेऱ्या येतात. अर्धी फेरी दाखवता येत नाही, म्हणून एक फ्रेम दोन फेऱ्या टिकते, पुढची तीन. पडदा ४८, ७२ किंवा १२० हर्ट्झवर नेता आला तर हा प्रश्न मुळातूनच जातो. फ्रेमदर आणि पडद्याचा दर यांत किंचित तफावत असेल, उदाहरणार्थ २३.९७६ आणि २४, तर एमपीव्हीतला डिस्प्ले-रिसॅम्पल पर्याय आवाजाचा वेग कानाला न कळेल इतका बदलून दोघांचा मेळ घालतो.

फ्लॅटपॅक या कुठल्याही वितरणावर चालणाऱ्या पॅकेज पद्धतीतून प्लेअर बसवला असेल तर एक विचित्र तक्रार हमखास येते: शेजारीच ठेवलेली उपशीर्षकांची फाइल आपोआप उचलली जात नाही. फ्लॅटपॅकचा प्रोग्रॅम कुंपणात चालतो आणि अनेकदा त्याला तुम्ही उघडलेल्या एकाच फाइलची परवानगी मिळते. शेजारची त्याला दिसतच नाही. फ्लॅटसील या साधनातून व्हिडिओंच्या फोल्डरला वाचण्याची परवानगी दिली की काम होते. उपशीर्षके दिसतात पण अक्षरांच्या जागी चौकोन येतात, तर त्या लिपीचा फॉन्ट नाही. अगम्य चिन्हे येतात, तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत नाही.

आता प्रत्यक्ष निवड. डीव्हीडीचे मेनू, टीव्ही ट्यूनर, नेटवर्कवरचे प्रवाह असा सगळा बाजार एका खिडकीत हवा असेल तर व्हीएलसी घ्या. मात्र त्याची तिसरी मालिका वेलँड या नव्या पडदा-व्यवस्थेवर थेट न चालता एक्सवेलँड या जुन्या प्रोग्रॅमसाठीच्या दुव्याच्या मध्यस्थीने चालते, हे लक्षात असू द्या. जुन्या यंत्रावर भारी फाइल, रंगांची काळजी किंवा एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला असलेला) व्हिडिओ साध्या पडद्यावर पाहायचा असेल तर एमपीव्ही. कळफलकावरच्या कळा पाठ करायच्या नसतील तर केडीई डेस्कटॉपवर हारुना आणि ग्नोमवर सेल्युलॉइड. जीस्ट्रीमरवरचा प्लेअर ठेवायचा असेल तर त्याचे ‘लिबएव्ही’ प्लगइन सोबत बसवा. ते एफएफएमपेगला जोडून देते. त्याशिवाय अनेक फाइली ‘कोडेक सापडला नाही’ म्हणून अडतील.

एक प्रकार मात्र कुठल्याच प्लेअरला आवरत नाही. चित्रीकरण चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी संपली, तर एमपी४ फाइलची अनुक्रमणिका, जिला ‘मूव्ह’ खंड म्हणतात, ती लिहिलीच गेलेली नसते. कित्येक कॅमेरे ती सर्वांत शेवटी लिहितात. चित्रे फाइलमध्ये असतात, पण कुठली फ्रेम कुठे सुरू होते याची नोंद नसते. तुटक्या एव्हीआय फाइलची अनुक्रमणिका व्हीएलसी स्वतः पुन्हा बांधतो. एमपी४ साठी अनट्रंक हे साधन वापरून पाहावे. त्याला त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर घेतलेली एक धड फाइल नमुन्यादाखल द्यावी लागते. दुरुस्ती नेहमी मूळ फाइलच्या प्रतीवर करावी.