फूल कॅमेऱ्याच्या जवळ कसे आले

छायाचित्रणाच्या शोधाची घोषणा होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा, म्हणजे मार्च 1839 मध्ये, कागदावरील छायाचित्रणाचे इंग्रज जनक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जॅक्सन हूकर यांना पत्र लिहून ब्रिटनमधील वनस्पतींचा छायाचित्रांसह एक ग्रंथ दोघांनी मिळून काढावा, असे सुचवले. टॅल्बट स्वतःही वनस्पतींचे अभ्यासक होते. चांदीच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर फूल किंवा पान ठेवायचे, वरून काच दाबायची आणि उन्हात धरायचे, एवढीच त्यांची कृती होती. त्यात ना कॅमेरा होता ना भिंग. हूकर यांनी आलेला नमुना आपुलकीने पाहिला, परंतु घंटेच्या आकाराच्या त्या फुलाचा फुगीरपणा, त्याचा निदलपुंज (पाकळ्यांच्या बुडाशी असणारी हिरवी दले) आणि पानांच्या शिरा त्यात नीट उमटलेल्या नाहीत, असे त्यांनी स्पष्टपणे कळवले. फुलांच्या निकट छायाचित्रणाचा पुढचा सगळा इतिहास मला हूकर यांच्या या आक्षेपाला दिलेले दीर्घ उत्तर वाटतो. फूल कागदाला चिकटलेले होते, अंतर शून्य होते, आणि तरीही दिसत होती ती फक्त त्याची सावली.

अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी 1843 पासून ब्रिटनमधील सागरी शेवाळांची जी निळी चित्रे तयार केली, त्यांची पद्धतही हीच होती. फरक एवढाच की त्यांनी चांदीऐवजी जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधलेली लोहक्षारांची प्रक्रिया वापरली. शेवाळ मुळात सपाट असल्याने ते या पद्धतीत विलक्षण देखणे उतरले. पुढे त्यांनी नेचे आणि फुलझाडांचीही अशी चित्रे केली, पण पाकळ्यांच्या आतली पोकळी दाखवायची तर फुलापासून दूर होऊन भिंगातूनच पाहावे लागणार होते.

भिंगातून फूल पाहण्याचे मोठे काम फ्रान्समधील अ‍ॅडॉल्फ ब्रॉन यांनी केले, आणि तेही वनस्पतिशास्त्रासाठी नव्हे. ते म्यूलूझ परिसरातील कापडनक्षीकार होते, आणि छापील कापडावरच्या नक्षीसाठी कारागिरांना नमुने हवेत म्हणून त्यांनी 1854 च्या सुमारास फुलांची सुमारे 300 छायाचित्रे घेतली. तोवर आलेल्या, कलोडियन या चिकट द्रावाचा प्रकाशसंवेदी ओला थर दिलेल्या काचांमुळे बारीक तपशील उत्तम मिळत असे, मात्र त्या काचांना प्रकाशाचा निळा भागच प्रामुख्याने दिसे. परिणामी निळे फूल जवळजवळ पांढरे पडे आणि लाल-पिवळी फुले काळवंडत. फाल्गुनातला आपला केशरी पळस त्या काचेवर कोळशासारखा उमटला असता, ही कल्पना करून पाहिली म्हणजे त्या काळच्या छायाचित्रकारांची अडचण ध्यानात येते. बर्लिनमधील हेर्मान फोगेल यांनी 1873 मध्ये लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून काचेची दृष्टी हिरव्या-पिवळ्यापर्यंत वाढवली; तांबड्यासह सगळे रंग टिपणाऱ्या काचा इंग्लंडमध्ये 1906 पासून बाजारात मिळू लागल्या. लगेच 1907 मध्ये ल्यूमिएर बंधूंच्या, बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले कण वापरणाऱ्या ऑटोक्रोम काचा आल्या आणि फूल आपल्या रंगांत दिसू लागले.

रंगाचा प्रश्न असा सुटत गेला तरी अंतराचा प्रश्न अधिक हट्टी होता. भिंग फुलाच्या जितके जवळ न्यावे, तितके ते काचेपासून लांब सारावे लागते, आणि त्यासाठी कॅमेऱ्याचा चामडी भाता ताणावा लागतो. काचेवरची प्रतिमा फुलाच्या प्रत्यक्ष आकाराएवढी हवी असेल, तर भिंग नेहमीच्या दुप्पट अंतरावर जाते आणि काचेवर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश उरतो, म्हणजे चौपट वेळ द्यावा लागतो. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली तरी सारे श्रम वाया जात.

कार्ल ब्लॉसफेल्ट यांचे काम मला या पार्श्वभूमीवर फार मोलाचे वाटते. बर्लिनच्या कलाशाळेत ते विद्यार्थ्यांना वनस्पतींवरून आकृती घडवायला शिकवत, आणि डोळ्यांना सहज न दिसणारी रचना वर्गात दाखवता यावी म्हणून त्यांनी घरी तयार केलेल्या कॅमेऱ्याने तीस वर्षांहून अधिक काळ कळ्या, कोंब, देठ आणि बीजकोश टिपले. पार्श्वभूमी साधी, प्रकाश मऊ, आणि चित्रात एक वनस्पती, क्वचित दोन-तीन. काही प्रतिमा मूळ आकाराच्या तीसपटींपर्यंत वाढवलेल्या आहेत. नेच्याचा गुंडाळलेला कोंब त्यांत लोखंडी जाळीच्या वेलबुट्टीसारखा दिसतो. 1928 मध्ये ‘उरफॉर्मेन देर कुन्स्ट’, म्हणजे ‘कलेची आदिरूपे’, हे 120 चित्रांचे पुस्तक निघाले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, आणि शिकवण्याचे साधन म्हणून केलेली ही चित्रे एकाएकी कलाकृती म्हणून नावाजली गेली.

याच दशकात अमेरिकेतील इमोजेन कनिंगहॅम तीन लहान मुलांना सांभाळत घराच्या बागेतली फुले टिपत होत्या. 1925 च्या सुमारासच्या त्यांच्या मॅग्नोलियाच्या चित्रात पाकळ्या चौकटीबाहेर निघून जातात आणि मधले पुंकेसर व स्त्रीकेसर एवढेच लक्ष वेधून घेतात. हूकर यांनी मागितलेला फुगीरपणा इथे पाकळीच्या प्रत्येक वळणावर आहे.

हे सारे मोठ्या, तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्यांचे काम होते. हातात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत बघण्याची खिडकी भिंगापासून बाजूला असल्याने जवळचे फूल खिडकीत मधोमध दिसे आणि फिल्मवर कडेला सरके. ड्रेस्डेनच्या कारखान्याने 1936 मध्ये काढलेल्या किने एक्झाक्टाने हा दोष दूर केला, कारण त्यात 35 मिमी फिल्मवर भिंगातूनच, आरशाच्या मदतीने, पाहता येई. त्याच वर्षी 35 मिमी कॅमेऱ्यांसाठी कोडाक्रोम ही रंगीत फिल्मही मिळू लागली. 1955 मध्ये आलेली किल्फिट यांची माक्रो-किलार ही अशा कॅमेऱ्यांसाठीची पहिली मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून टिपण्यासाठीचे भिंग, मानली जाते. जपानच्या निकॉनने 1956 मध्ये काढलेली मायक्रो-निकॉर मात्र फुलांसाठी नव्हतीच. जपानी लिपीतली दाट अक्षरे मायक्रोफिल्मवर, म्हणजे कागदपत्रांच्या लहान केलेल्या प्रती साठवायच्या फिल्मवर, स्पष्ट यावीत यासाठी ती घडवली होती, आणि तिचा वंश पुढे रानावनांत फिरला.

एक अडचण मात्र भिंग कितीही सुधारले तरी तशीच राहिली. प्रत्यक्ष आकाराएवढी प्रतिमा घेताना प्रकाश आत सोडणारे भिंगाचे छिद्र एफ/16 (एफपुढचा आकडा मोठा, तितके छिद्र लहान) इतके लहान केले तरी जेमतेम 2 मिमी खोलीचा भाग रेखीव येतो. छिद्र आणखी लहान करावे, तर प्रकाशाच्या विवर्तनाने, म्हणजे छिद्राच्या कडेशी तो पसरल्याने, सारेच चित्र मवाळ होते. डिजिटल काळात एकाच फुलाच्या, फोकस थोडा थोडा पुढे सरकवत घेतलेल्या अनेक प्रतिमांतील रेखीव भाग संगणकावर जोडून ही मर्यादा ओलांडली जाऊ लागली. मात्र तेवढ्या प्रतिमा होईपर्यंत फुलाने जागचे हलता कामा नये, म्हणून उघड्या माळावर हे काम करणारे आजही वारा उठण्यापूर्वीची पहाटच गाठतात.