रोमन ब्राँझ नाणी आणि त्यावरचे सम्राट

रोमन साम्राज्यात सोन्याचांदीच्या खाली जी चिल्लर चालायची तिला सरसकट ब्राँझ म्हणतात, खरं तर पहिला सम्राट ऑगस्टस याने केलेल्या नाण्यांच्या सुधारणेनंतर सेस्टर्शियस आणि दुपोंडियस ही नाणी पितळेची, म्हणजे तांब्यात जस्त घातलेली, आणि अ‍ॅस हे छोटं नाणं तांब्याचं. ४ सेस्टर्शियस किंवा १६ अ‍ॅस म्हणजे १ दिनारियस, हे चांदीचं नाणं. ही सुधारणा साधारण इ.स.पू. २३ ची धरतात, काहीजण चार-पाच वर्षं पुढे आणतात.

खरा वाद आहे नाण्याच्या मागच्या बाजूवरच्या, म्हणजे काट्यावरच्या, 'एस सी' या अक्षरांचा. अर्थ सिनेटच्या, म्हणजे रोमच्या वडीलधाऱ्यांच्या सभेच्या, ठरावाने, पण ठराव कसला? एकोणिसाव्या शतकातला जर्मन इतिहासकार मॉमसेनच्या मते सोनं-चांदी सम्राटाकडे नि ब्राँझ सिनेटकडे अशी वाटणी होती, आणि जुन्या पुस्तकांत तेच येत राहिलं. १९६२ मध्ये नाण्यांचा अभ्यासक कोनराड क्राफ्टने सांगितलं की टांकसाळीचा इथे संबंधच नाही, ओकच्या पानांचा मुकुट वगैरे मान सिनेटने ऑगस्टसला दिले होते, अक्षरं त्यांची. सेस्टर्शियसवर मुकुट आहे त्यामुळे तिथे हे चपखल बसतं, अ‍ॅसवर मात्र मुकुट नाही, मधोमध नुसती दोन ठळक अक्षरं, तिथे जरा ओढाताण होते. तिसरं मत, की ठराव नाण्यांच्या सुधारणेचाच होता आणि नंतर अक्षरं सवयीने छापत राहिले, हे जास्त पटण्यासारखं आहे.

सेस्टर्शियस साधारण २५ ग्रॅमचा, चांगला रुंद, त्यामुळे चित्राला भरपूर जागा. कॅलिग्युलाने त्यावर आपल्या तिन्ही बहिणी देवतांच्या रूपात उभ्या केल्या, नीरोने ओस्टियाचं बंदर जहाजांसकट वरून पाहिल्यासारखं दाखवलं. वेस्पासियनच्या इ.स. ७१ च्या नाण्यावर मधे खजुराचं झाड, त्याखाली मान खाली घालून बसलेली बाई, म्हणजे हरलेला ज्युडिया, ज्यूंचा प्रांत. दुपोंडियस ओळखायचा तो नीरोनंतर बहुतेक सम्राटाच्या किरणांच्या मुकुटावरून.

तिसऱ्या शतकात सेस्टर्शियस मागे पडला. इ.स. २९४ च्या सुमाराला डायोक्लेशियनने चांदीचा पातळ मुलामा दिलेलं नवं नाणं काढलं, तेव्हा साम्राज्य चौघांमध्ये वाटलेलं होतं, आणि नाण्यांवर या चारही राज्यकर्त्यांचे चेहरे इतके सारखे की नाव वाचल्याशिवाय कोण ते कळत नाही. चौथ्या-पाचव्या शतकातली छोटी झिजलेली ब्राँझ नाणी तमिळनाडूत आणि श्रीलंकेत बरीच सापडतात, ती तिथे स्थानिक चिल्लर म्हणून फिरली असावीत, श्रीलंकेत तर त्यांच्या नकलाही झाल्या.