पाळि आणि अट्ठकथा : ‘त्रिपिटकात आहे’ असे म्हणण्यापूर्वी

वर्षावासात आमच्या भागातल्या एका विहारात अंगुलिमालाची गोष्ट सांगितली गेली. अहिंसक नावाचा हुशार विद्यार्थी, तक्षशिलेचा आचार्य, मत्सरापोटी आचार्यांचे कान भरणारे सहाध्यायी, हजार बोटांची गुरुदक्षिणा, एकच बोट कमी असताना समोरून आलेली जन्मदात्री आई आणि ऐन वेळी मध्ये उभे राहिलेले भगवान बुद्ध. सांगणाऱ्यांनी मन लावून सांगितले, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि शेवटी नेहमीचे वाक्य आले : “हे सगळे मज्झिमनिकायात आहे.” ते तेथे नाही. मज्झिमनिकाय या त्रिपिटकातल्या संग्रहाच्या ८६व्या सुत्तात, म्हणजे अंगुलिमाल सुत्तात, ना आचार्य आहे, ना गुरुदक्षिणा, ना हजारांचा आकडा, ना वाटेत आलेली आई. तो सारा मजकूर अट्ठकथांतला, म्हणजे मूळ ग्रंथांवर नंतर लिहिलेल्या भाष्यांतला आहे. पाळि, म्हणजे मूळ संहिता, आणि अट्ठकथा यांची ही सरमिसळ व्याख्यानांत, लेखांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या बुद्धवचनांत इतक्या वेळा वाट्याला आली आहे की एकदा नीट लिहून काढणे मला आवश्यक वाटते.

त्रिपिटक वाचकांना ठाऊक आहे. विनय, सुत्त, अभिधम्म ही तीन पिटके, सुत्तपिटकातले पाच निकाय, मुखपरंपरेने आलेला हा संग्रह इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वट्टगामणी राजाच्या काळी श्रीलंकेत लेखनिविष्ट झाला, हे कोणत्याही परिचयग्रंथात सापडते. त्रिपिटक म्हणावे की तिपिटक, हा संस्कृत आणि पाली रूपांचा फरक आहे, त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. पाळि आणि अट्ठकथा ही दोन्ही वाङ्मये पाली भाषेतच आहेत, त्यामुळे भाषेवरूनही ती चटकन वेगळी ओळखता येत नाहीत.

‘अट्ठकथा’ या शब्दापाशी मात्र थांबावे लागते, कारण मराठी वाचक तेथे दोनदा अडखळतो. ‘अट्ठ’ म्हणजे आठ असे त्याला वाटते. पालीत आठ या संख्येला ‘अट्ठ’ म्हणतात हे खरेच आहे, पण येथे तो ‘अर्थ’ या शब्दाचा अवतार आहे. दुसरी ठेच ‘कथा’ या शब्दाची. मराठीत कथा म्हणजे गोष्ट, पण येथे कथा म्हणजे कथन, विवरण. अट्ठकथा म्हणजे अर्थाचे विवरण, म्हणजेच भाष्य. अभिधम्मपिटकातल्या ‘कथावत्थु’ या ग्रंथाचे नाव ऐकून कोणी त्यात गोष्टी शोधू लागला तर त्याची अशीच निराशा होईल, कारण त्यात मतामतांचे खंडनमंडन आहे. अट्ठकथांमध्ये गोष्टी पुष्कळ आहेत, म्हणून हा गैरसमज अधिकच घट्ट होतो. तरीही त्या गोष्टी मूळ वचनाचा अर्थ उलगडण्यासाठी आलेल्या आहेत.

अट्ठकथेच्या विरुद्ध बाजूला उभा असलेला शब्द म्हणजे ‘पाळि’. आज आपण पाली हे भाषेचे नाव समजतो. भाष्यकारांच्या लेखणीत मात्र पाळि म्हणजे मूळ ग्रंथाची ओळ, मूळ संहिता, आणि तिच्या जोडीला तिचे भाष्य म्हणजे अट्ठकथा. महावंस या श्रीलंकेच्या इतिहासग्रंथाच्या पुढच्या, चूळवंस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, रेवत स्थविर भारतात बुद्धघोषांना सांगतात की येथे केवळ पाळि आणली गेली आहे, अट्ठकथा येथे नाही. त्यासाठी बुद्धघोष इसवी सनाच्या पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात गेले आणि तेथे सिंहली भाषेत जपलेल्या जुन्या अट्ठकथांच्या आधारे त्यांनी पालीत भाष्ये रचली : विनयावर समन्तपासादिका, दीघनिकायावर सुमङ्गलविलासिनी, मज्झिमनिकायावर पपञ्चसूदनी, संयुत्तनिकायावर सारत्थप्पकासिनी, अङ्गुत्तरनिकायावर मनोरथपूरणी. थेरगाथा, थेरीगाथा (भिक्षूंच्या आणि भिक्षुणींच्या गाथा) यांसारख्या ग्रंथांवरची भाष्ये पुढे धम्मपालांनी लिहिली. म्हणजे जी परंपरा दोहोंचा आदर करत आली, तिनेच दोहोंना स्वतंत्र नावे दिली होती. सरमिसळ आपण केली आहे.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. मूळ जुने आणि भाष्य नंतरचे, एवढे सांगून हा फरक संपत नाही. पाळि जेथे प्रश्न मोकळा सोडते, तेथे अट्ठकथा उत्तर देते, आणि ते उत्तर आपण पाळीच्या तोंडी घालतो, हा खरा घोळ आहे. अंगुलिमाल सुत्त पुन्हा पाहा. तो क्रूर आहे, त्याचे हात रक्ताने माखलेले आहेत, त्याने गावे ओस पाडली आहेत आणि मारलेल्या माणसांच्या बोटांची माळ तो गळ्यात घालतो, एवढे सुत्त सांगते. तो असा का झाला, हे सुत्त विचारतच नाही. त्याचे लक्ष पुढे आहे : भिक्षू झालेला अंगुलिमाल प्रसूतीच्या वेदनांनी तळमळणारी स्त्री पाहतो, तिच्यासाठी सत्यवचन उच्चारतो, नंतर पिंडपातासाठी फिरताना लोकांनी फेकलेल्या ढेकळांनी, काठ्यांनी, दगडांनी त्याचे डोके फुटते, पात्र मोडते, चीवर फाटते, आणि तो तसाच रक्तबंबाळ होऊन बुद्धांपाशी येतो. बुद्ध त्याला सांगतात की हे सोस, तुझ्या कर्माचे फळ तू येथेच भोगतो आहेस. गुरुदक्षिणेची गोष्ट सुत्तात घातली की दोष आचार्यावर जातो आणि अंगुलिमाल हा फसवला गेलेला आज्ञाधारक शिष्य ठरतो. सुत्तातला अंगुलिमाल असा सुटत नाही. दोन्ही वाचनांचे मोल वेगळे आहे आणि ते वेगळेच राहिले पाहिजे.

गृहत्यागाच्या बाबतीत हा घोळ सर्वांत महाग पडतो. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये, मध्यरात्रीचा राजवाडा, झोपलेली पत्नी, तिच्या कुशीत राहुल, कन्थक घोडा आणि छन्न सारथी, हे चित्र प्रत्येक मराठी मुलाच्या मनात पाठ्यपुस्तकापासून ठसलेले असते. पालीत हे सविस्तर येते ते जातक-अट्ठकथेच्या आरंभी असलेल्या निदानकथेत. दीघनिकायातल्या महापदान सुत्तात चार दृश्यांची हकीकत आहे, पण ती विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची. गोतम बुद्ध स्वतःच्या गृहत्यागाबद्दल मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसन सुत्तात जे सांगतात, त्यात हे शब्द आहेत : “अकामकानं मातापितूनं अस्सुमुखानं रुदन्तानं”, म्हणजे आईवडिलांची इच्छा नसताना, त्यांचे चेहरे आसवांनी भिजलेले असताना, ते रडत असताना, आपण केस आणि दाढी उतरवून काषाय वस्त्रे धारण केली. रडणारे आईवडील समोर आहेत. मध्यरात्री कोणाला न कळवता निघून गेलेला राजपुत्र या वाक्यात मावत नाही. अङ्गुत्तरनिकायात आपल्या सुकुमार आयुष्याची आणि तीन प्रासादांची आठवण सांगताना बुद्ध म्हणतात की जरा, व्याधी आणि मरण यांच्या विचाराने आपला तारुण्याचा, आरोग्याचा आणि जीविताचा मद गळून पडला. तेथेही रस्त्यावरचा प्रसंग नाही, आहे ते चिंतन.

मराठीत हा भेद स्पष्टपणे दाखवण्याचे काम धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात केले आणि ते आजही पुरेसे वाचले जात नाही याची मला खंत वाटते. गोव्यातल्या साखवाळ गावचा हा माणूस पाली शिकण्यासाठी श्रीलंकेपर्यंत गेला, अट्ठकथाकार बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गाचे त्याने संपादन केले आणि तरीही बुद्धचरित्र लिहिताना विपस्सीची गोष्ट गोतमाला चिकटवली गेली आहे हे सांगायला तो कचरला नाही. गृहत्यागाचे कारण शोधताना कोसंबी सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्ताकडे वळले, जेथे थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी, एकमेकांच्या विरोधात उभी राहिलेली माणसे पाहून भय वाटले असे बुद्ध सांगतात. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच चार दृश्यांचे कारण नाकारले आणि शाक्य-कोलियांमधला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला. अट्ठकथांत हा तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरच्या काळात येतो आणि बुद्ध स्वतः जाऊन तो मिटवतात. म्हणून रोहिणीच्या तंट्याचा उल्लेख करताना आपण पाळीचा, अट्ठकथेचा की बाबासाहेबांच्या मांडणीचा आधार घेत आहोत, हे वक्त्याने सांगितले पाहिजे. तिघांनाही ‘त्रिपिटकात आहे’ या एका वाक्यात कोंबणे हा तिघांवरही अन्याय आहे.

मूल गमावलेल्या किसागोतमीची मोहरीची गोष्ट आपण सांगतो तशी सविस्तर येते ती अट्ठकथेत; पिटकात ती थोडक्यात आहे ती अपदान या ग्रंथात. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून चिमूटभर मोहरी आण, ही आज्ञा ना थेरीगाथेत आहे, ना संयुत्तनिकायात. संयुत्तनिकायात जे आहे ते मला त्याहून मोठे वाटते. किसागोतमी अंधवनात एका झाडाखाली एकटी बसलेली असताना मार, म्हणजे साधकाला मोहात आणि भयात पाडणारा, येतो आणि विचारतो, मुलगा मेल्यासारखी रडवेल्या तोंडाने तू येथे एकटी का बसली आहेस? ती उत्तर देते की पुत्राच्या मरणाचा काळ माझ्या मागे पडला आहे, मी शोक करत नाही, मी रडत नाही, आणि मला तुझे भयही नाही. मोहरीच्या गोष्टीत तिला समजावले जाते. येथे ती स्वतःच्या तोंडाने बोलते.

हे कळल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात. अट्ठकथा म्हणजे पाचव्या शतकातले कल्पित, ते टाकून द्या, असे सांगणारेही मला तितकेच चुकीचे वाटतात. धम्मपदातली २९४वी गाथा त्यांनी अट्ठकथेशिवाय वाचून दाखवावी : “मातरं पितरं हन्त्वा, राजानो द्वे च खत्तिये। रट्ठं सानुचरं हन्त्वा, अनीघो याति ब्राह्मणो॥” आईला, बापाला आणि दोन क्षत्रिय राजांना मारून, अनुचरासह राष्ट्र नष्ट करून ब्राह्मण निर्दुःख होऊन जातो, असा तिचा सरळ शब्दार्थ होतो. अट्ठकथा सांगते की आई म्हणजे तृष्णा, बाप म्हणजे ‘मी आहे’ हा अहंकार, दोन राजे म्हणजे शाश्वतवाद (आत्मा कायम टिकतो हे मत) आणि उच्छेदवाद (मरणाने सारे संपते हे मत), राष्ट्र म्हणजे बारा आयतने (सहा इंद्रिये आणि त्यांचे सहा विषय) आणि त्यांचा अनुचर म्हणजे आसक्ती. ही किल्ली हाती नसेल तर गाथा भयंकर वाटते. धम्मपदाच्या ४२३ गाथांपैकी पुष्कळ गाथा स्वतःच्या बळावर उभ्या आहेत, पण ही नाही.

शिवाय अट्ठकथेतले सगळे पाचव्या शतकात जन्मले, हेही खरे नाही. बुद्धघोषांच्या समोर जुन्या सिंहली अट्ठकथा होत्या. अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात अट्ठकथेत सविस्तर येणारी छद्दन्त हत्तीची जातककथा रंगवलेली आहे आणि ती चित्रे इसवी सनाच्या आगेमागेची, म्हणजे बुद्धघोषांच्या काही शतके आधीची आहेत. चार दृश्येही अश्वघोषाच्या संस्कृत बुद्धचरितात बुद्धघोषांच्या फार पूर्वी आलेली आहेत. एखादी गोष्ट अट्ठकथेत लिहिली गेली केव्हा आणि ती लोकांत सांगितली जाऊ लागली केव्हा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

सीमारेषा सगळीकडे सारखी स्वच्छ नाही, हेही मान्य केले पाहिजे. सुत्तनिपाताच्या काही भागांवरचे ‘निद्देस’ हे भाष्य खुद्द खुद्दकनिकायातच समाविष्ट आहे, आणि विनयातल्या नियमांमागोमाग येणारा पदभाजनीय हा शब्दार्थाचा भागही पिटकाचाच अंश आहे. तरीही पाळि आणि अट्ठकथा ही दोन नावे सोडण्याचे ते कारण होऊ शकत नाही. माझा आग्रह एवढाच की धम्मपदाच्या मराठी आवृत्तीत गाथा एका ठशात आणि तिच्यामागची कथा दुसऱ्या ठशात छापावी, आणि कथेवर ‘अट्ठकथा’ असे स्पष्ट लिहावे. गाथेच्या खाली तिच्यासारख्याच अक्षरांत छापलेली गोष्ट वाचली की वाचक तिलाही बुद्धवचन समजतो. बहुतेक घोळ तेथूनच सुरू होतो.

ज्यांना स्वतः पडताळा घ्यायचा असेल त्यांच्यासाठी देवनागरीतली सोय महाराष्ट्रातच झालेली आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाची, म्हणजे सहाव्या संगीतीची संहिता देवनागरीत छापली आणि तिच्यात मूळ, अट्ठकथा आणि टीका (अट्ठकथेवरचे उपभाष्य) वेगवेगळ्या खंडांत ठेवली. ग्रंथाच्या नावातच उत्तर असते : एकीकडे धम्मपदपाळि, दुसरीकडे धम्मपद-अट्ठकथा, एकीकडे जातकपाळि, दुसरीकडे जातक-अट्ठकथा. यांतली जातकपाळि आधी हातात घ्यावी. लहानपणापासून ऐकलेल्या माकडांच्या, हरणांच्या, हत्तींच्या गोष्टी शोधायला गेलात तर तेथे जवळजवळ नुसत्या गाथा सापडतील. कोण कोणाला बोलत आहे, कोणते झाड, कोणती नदी, कोणता राजा, काहीच उमगणार नाही. मग शेजारी अट्ठकथेचा खंड उघडावा आणि त्याच गाथा पुन्हा वाचाव्यात.