√2 + √8 अपरिमेय, मग √2 × √8 बरोबर 4 कसे?

गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून आणि पुढे इंग्रजीतून शिकणाऱ्या बऱ्याच मुलांना ‘इर्रॅशनल’ म्हणजे काहीतरी विक्षिप्त संख्या वाटते. मराठी नाव जास्त सरळ आहे. दोन पूर्णांकांच्या भागाकारात (छेद 0 नको) मांडता येते ती परिमेय, नाही ती अपरिमेय.

अंगणातल्या तुळशीवृंदावनाचा चौथरा 60 सेंटिमीटर बाजूचा चौरस धरा. परिमिती 240, परिमेय. कर्ण 60√2, अपरिमेय. टेपवर 84.8 दिसेल, पण ते कर्णाचं जवळचं माप, कर्ण नव्हे: 84.8 चा वर्ग 7191.04 येतो, कर्णाचा वर्ग मात्र नेमका 7200.

परिमेय संख्या घरातल्या घरातच राहतात. दोन परिमेयांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार काहीही करा, उत्तर परिमेयच. भागाकारातही तेच, फक्त 0 ने भागायचं नाही.

एक परिमेय आणि एक अपरिमेय असेल तर बेरीज-वजाबाकी नेहमीच अपरिमेय. 60 + 60√2 परिमेय असती, तर तिच्यातून 60 वजा करून 60 ने भागल्यावर उरणारा √2 सुद्धा परिमेय ठरला असता. गुणाकाराचंही असंच, पण 0 × √2 = 0 हा अपवाद मुलं हमखास विसरतात.

खरा घोळ दोन अपरिमेयांत. ‘दोन अपरिमेयांची बेरीज अपरिमेय’ असा नियमच नाही. √2 + √8 = 3√2, अपरिमेय; √2 × √8 = √16 = 4, परिमेय. (3 + √2) + (3 − √2) = 6. म्हणून आधी करणी (√2, √8 सारखी अपरिमेय मुळं) सोप्या रूपात आणा, सजातीय (मुळाखाली तीच संख्या असलेल्या) एकत्र करा, मगच निकाल द्या. √50 − √18 − √8 बघून अपरिमेय म्हणावंसं वाटतं. सोडवलं की 5√2 − 3√2 − 2√2, म्हणजे चक्क 0. √2 + √3 या मात्र विजातीय. त्यांचे √5 करू नका. त्या बेरजेचा वर्ग 5 + 2√6 येतो. बेरीज परिमेय असती तर वर्ग आणि म्हणून √6 सुद्धा परिमेय झाला असता.

छेदाचं परिमेयीकरण, म्हणजे छेदातली करणी घालवणं, याच ‘बेभरवशी’ वागण्यावर चालतं. 1/(3 − √2) मध्ये अंश-छेदाला 3 + √2 ने गुणलं की छेद 9 − 2 = 7. नुसत्या √2 ने गुणलं तर छेद 3√2 − 2 होतो, करणी तिथेच.

घातांकात तर परिमेयही घर सोडतात: 2 चा 1/2 वा घात म्हणजे √2. उलट √2 चा √2 वा घात अपरिमेय आहे, आणि त्याचा पुन्हा √2 वा घात केला की 2.