मॅनेजर बदलला म्हणून संघ जिंकला का?

23 फेब्रुवारी 2017. लेस्टर सिटी या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबने आपले मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, क्लॉडिओ रानिएरी यांची हकालपट्टी केली. नऊच महिन्यांपूर्वी याच माणसाने या क्लबला इंग्लंडच्या प्रीमियर लीगचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. हंगामाच्या सुरुवातीला सट्टेवाल्यांनी त्या विजेतेपदावर एकास पाच हजार असा भाव दिला होता. आता मात्र संघ वीस संघांत सतराव्या क्रमांकावर होता, लीगमधले सलग पाच सामने हरला होता आणि नवं वर्ष लागल्यापासून लीगमध्ये त्याने एकही गोल केला नव्हता. सूत्रं सहायक क्रेग शेक्सपियर यांच्याकडे आली. चार दिवसांनी लेस्टरने लिव्हरपूलला 3-1 असं हरवलं. मग हल, वेस्ट हॅम, स्टोक आणि संडरलंड. लीगचे पाच सामने, पाच विजय.

अशा वेळी चाहत्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, जुन्या मॅनेजरचे डावपेच संपले होते. दुसरा म्हणतो, खेळाडूंनीच त्याचा घात केला, मुद्दाम पाय आखडता घेतला. वाद कितीही रंगला तरी एक गोष्ट दोघंही न बोलता मान्य करतात: माणूस बदलला म्हणून निकाल बदलले. संख्याशास्त्राला शंका आहे ती नेमकी इथेच.

घरी एक फासा घ्या. 1 किंवा 2 पडले तर पराभव, 3 किंवा 4 पडले तर बरोबरी, 5 किंवा 6 पडले तर विजय. प्रीमियर लीगच्या हंगामात 38 सामने असतात, म्हणून 38 वेळा फासा टाका आणि निकाल एकाखाली एक लिहीत जा. या यादीत कुठेतरी सलग तीन पराभव सापडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. सापडले की तिथे रेघ मारा आणि समजा, इथे मॅनेजरला काढलं. आता रेघेखालचे पाच निकाल पाहा. विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक या हिशेबाने त्या पाच सामन्यांत सरासरी साडेसहाच्या वर गुण मिळतात. रेघेच्या वर तीन सामन्यांत शून्य, खाली सहा-सात. संघ सावरला! पण फासा तर तोच आहे.

याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1886 मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीत ते दाखवलं. खूप उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सहसा तितकी नसतात. जिथे निकालात योगायोगाचा वाटा असतो, तिथे टोकाच्या वाईटानंतर थोडं बरं येण्याचीच शक्यता जास्त. आणि मॅनेजरला काढतात ते केव्हा? नेमकं तेव्हाच, सगळं टोकाला गेल्यावर. म्हणजे नवा माणूस येतो तोच चढाच्या पायथ्याशी.

फुटबॉलमध्ये हा योगायोग जरा जास्तच. सामन्याला सरासरी तीनहूनही कमी गोल होतात, त्यामुळे गोलखांबाला लागून परत आलेला एक चेंडू आख्खा निकाल फिरवू शकतो. बास्केटबॉलमध्ये एक नेम चुकला तर त्याची भरपाई करायला शंभर संधी असतात.

अर्थात खरा संघ म्हणजे फासा नाही. घाबरलेले खेळाडू वाईट खेळतात, आणि नवा माणूस आला की बाकावर बसलेल्यांनाही आशा वाटते. मग योगायोग किती आणि मॅनेजर किती, हे वेगळं कसं करायचं? बास तेर वील या अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या लीगमधल्या 1986 ते 2004 या काळातल्या हकालपट्ट्या तपासल्या. त्यातली युक्ती मला फार आवडते. त्याने हकालपट्टी झालेल्या संघांशेजारी असे संघ ठेवले, जे तितकेच घसरले होते पण ज्यांनी मॅनेजरला हात लावला नव्हता. तेही सावरले, आणि ज्यांनी माणूस बदलला त्यांच्यापेक्षा कमी सावरले असं काही दिसलं नाही.

लेस्टरचे ते पाच सामनेही या प्रकाशात पुन्हा पाहा. हल आणि संडरलंड हे दोन्ही संघ त्याच हंगामात तळाला राहून खालच्या श्रेणीत गेले. लेस्टर बारावं आलं. शेक्सपियर यांना कायम केलं गेलं आणि ऑक्टोबरमध्ये संघ पुन्हा घसरला तेव्हा त्यांनाही काढलं.

मग मॅनेजरला काहीच किंमत नाही? असं मी मुळीच म्हणणार नाही. अर्थशास्त्रज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी इंग्लंडच्या क्लबांचे ताळेबंद तपासून दाखवलं की खेळाडूंच्या पगारावर कोण किती खर्च करतो, यावरून अनेक वर्षांच्या सरासरी क्रमांकाचा बराचसा अंदाज येतो. पण बराचसा म्हणजे सगळा नाही, आणि उरलेल्या जागेत काही थोडी माणसं उठून दिसतात. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर 1986 मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले. पहिला चषक 1990 मध्ये मिळाला, लीगचं पहिलं विजेतेपद 1993 मध्ये. 2013 मध्ये निवृत्त होईपर्यंत अशी तेरा विजेतेपदं झाली, आणि पुढच्याच हंगामात संघ सातवा आला. पहिल्या साडेतीन वर्षांत चषकांचं कपाट रिकामंच होतं. मॅनेजरचा प्रभाव असतो, पण तो कुणाला विकत घ्यायचं, कुठल्या पोराला संधी द्यायची अशा निर्णयांतून वर्षानुवर्षं साचत जातो. आपण मात्र तो पहिल्या पाच सामन्यांत शोधतो, जिथे योगायोगाचाच आवाज सगळ्यात मोठा असतो.

आकडे समोर ठेवले तरी वाद मिटत नाही, कारण चाहता सामना तटस्थपणे पाहतच नाही. 1951 मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकी विद्यापीठांत एक धसमुसळा सामना झाला (खेळ अमेरिकन फुटबॉलचा होता). अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकच चित्रफीत दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथचे नियमभंग आपल्यापेक्षा दुपटीहून जास्त दिसले. डार्टमथच्या मुलांना दोन्ही बाजू जवळपास सारख्याच वाटल्या. कुणी खोटं बोलत नव्हतं. डोळ्यांसमोर जे घडतं तेच असं दुभंगत असेल, तर ‘आमचा मॅनेजर द्रष्टा, तुमचा नशीबवान’ हा निवाडा कुठल्या बाजूला झुकणार ते उघड आहे. त्यात माणसाचं मन परिस्थितीपेक्षा व्यक्तीला श्रेय आणि दोष देण्यात जास्त तत्पर असतं. पगाराच्या आकड्यांच्या नावाने कोण घोषणा देईल? घोषणेला चेहरा लागतो.

ही आपली आणि त्यांची रेघ किती खोल जाते, हे मार्क लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँकेस्टर विद्यापीठात तपासलं. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना आपल्या संघावरच्या प्रेमाविषयी लिहायला लावलं आणि मग दुसऱ्या इमारतीत जायला सांगितलं. वाटेत एक तरुण धावत आला, घसरून पडला आणि घोटा धरून कण्हू लागला. अंगात युनायटेडची जर्सी असली तर जवळजवळ प्रत्येक जण मदतीला थांबला. कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलची जर्सी किंवा साधा टीशर्ट असला, तर बहुतेक जण पुढे निघून गेले.

मग प्रयोगात एकच बदल केला. नव्या चाहत्यांना संघाविषयी नाही, तर फुटबॉलचा चाहता असण्याविषयी लिहायला सांगितलं. तोच रस्ता, तसंच पडणं. या वेळी लिव्हरपूलच्या जर्सीतल्या मुलासाठीही बहुतेक जण थांबले. साधा टीशर्ट घातलेल्या मुलासाठी मात्र या वेळीही फारसं कुणी थांबलं नाही.